एशियन गेम्सचं सुवर्ण जिंकणाऱ्या चांदवडच्या दत्तू भोकनळवर दोन वर्षांची बंदी का आली होती?

नाशिक जिल्ह्यातला चांदवड तालुका म्हटलं की कांदा आठवतो आणि उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर. याच तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वडील विहिरी खोदायचे. 2011 मध्ये ते गेले आणि घराचा भार दत्तूवर आला. त्याने पेट्रोल पंपावर काम केलं आणि 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला. तिथे त्याची उंची पाहून त्याला रोइंगला घेतलं. गंमत म्हणजे, गडी पाण्याला घाबरायचा!

तीनच वर्षांत त्याने आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकलं. 2016 मध्ये कोरियातल्या पात्रता स्पर्धेतून त्याला रिओ ऑलिम्पिकचं तिकीट मिळालं. त्याच काळात त्याची आई अपघातानंतर अंथरुणाला खिळली होती.

रिओमध्ये तो 13वा आला. सोशल मीडियावर लोक म्हणाले, तेरावा म्हणजे काय मोठं? तर रोइंगमध्ये एका फायनलला सहाच होड्या असतात. पहिले सहा ए फायनलमध्ये ठरतात, पुढचे सहा बी फायनलमध्ये. दत्तूने सी फायनल जिंकली, म्हणून तेरावा. 2000 मीटरसाठी त्याला 6 मिनिटं 54.96 सेकंद लागले. ऑलिम्पिकमध्ये तोवर कुठल्याही भारतीय रोअरला इतका वरचा क्रमांक मिळाला नव्हता.

मग 2018 चे एशियन गेम्स आले. इंडोनेशियात पालेमबांगला एकेरीच्या फायनलमध्ये दत्तू सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या होडीत त्याने सुवर्ण जिंकलं. एशियन गेम्समध्ये भारताचं रोइंगमधलं हे दुसरंच सुवर्ण. पहिलं 2010 मध्ये बजरंगलाल ताखर यांनी जिंकलं होतं.

भांडण मात्र आदल्या दिवशीच्या शर्यतीवरून झालं. दत्तूने वल्हवणं मुद्दाम मध्येच थांबवलं, असं रोइंग फेडरेशनचं म्हणणं पडलं. त्या दिवसांत तो आजारी असल्याच्या बातम्याही आल्या होत्या. पण मार्च 2019 मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली.

रोअरसाठी ऑलिम्पिकच्या आधीचं वर्ष सगळ्यात महत्त्वाचं असतं, कारण कोटा त्या वर्षापासून मिळायला लागतो. नेमकं तेच वर्ष गेलं. जानेवारी 2020 मध्ये बंदी उठली, त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला. म्हणजे आदल्या वर्षी ज्याच्यावर बंदी, त्याचाच दुसऱ्या वर्षी सन्मान. टोकियोला मात्र त्याला जाता आलं नाही.

टोकियोमध्ये अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग ही जोडी 11वी आली आणि भारताची सर्वोत्तम कामगिरी त्यांच्या नावावर गेली. एकेरीत 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बलराज पनवार 23वा आला. तिथे अजूनही दत्तूचा 13वा क्रमांकच सगळ्यात वरचा आहे.