मुख्य संगणकावरील विद्यार्थ्याचे दप्तर

ज्या शाळांतून एकाच मुख्य संगणकास अनेक पडदे व कळफलक जोडून वर्ग चालविला जातो, तेथील शिक्षकबंधुभगिनींनी एक गोष्ट आरंभीच ध्यानी घ्यावी. मुलाचे सर्व काम त्याच्यापुढील पडद्यात नव्हे, तर त्या मुख्य संगणकावर घडते. तेथे त्याच्या फाइली, पडद्याची मांडणी व भाषेची निवड ज्या कप्प्यात राहतात त्यास प्रोफाइल म्हणतात. आपल्या भाषेत ते त्याचे दप्तरच होय.

पुष्कळ ठिकाणी सोय म्हणून सबंध वर्गास एकच नाव दिलेले आढळते. विंडोज सर्व्हरचा मूळ नियम मात्र एका नावास एकच सत्र असा आहे. सबब दुसऱ्या मुलाने तेच नाव घातले की पहिल्याचा पडदा तुटतो आणि त्याचे अर्धे काम दुसऱ्यापुढे उघडते. ज्या वर्ध्यात 1937 साली नई तालीमची परिषद भरली व जेथून प्रत्येक मुलाच्या हाती टकळी आली, तेथे हे व्हावे हे बरे नव्हे. प्रत्येकास स्वतंत्र नाव द्यावे.

सर्व्हर एकच असल्यास साधी स्थानिक प्रोफाइल पुरते. सर्व्हर अनेक असतील तरच फिरती प्रोफाइल, किंवा 2012 च्या सर्व्हरपासून मिळणारी प्रत्येक नावाची स्वतंत्र प्रोफाइल-डिस्क घ्यावी. पहिली-दुसरीच्या मुलांस बदल न साठविणारी सक्तीची प्रोफाइल उत्तम. तीत एनटीयूजर या फाइलीचे डॅट हे शेपूट बदलून मॅन करावयाचे असते.

एका शाळेस भेट दिली असता सातवीतील एका मुलीने दोन तास टंकलेला निबंध नाहीसा झाल्याचे सांगितले. वीज गेल्याने सर्व्हर एकाएकी बंद पडून तिचे दप्तर बिघडले होते, व यंत्राने तिला तात्पुरती प्रोफाइल दिली होती. तशी इंग्रजी सूचना पडद्यावर आली होती. ती कोणी वाचली नाही. अशा प्रोफाइलमधील सर्व काही सत्र संपताच पुसले जाते. सूचना दिसताच काम सामायिक फोल्डरात ठेवावे व मगच बाहेर पडावे. नवे नाव देण्याची घाई मात्र करू नये, कारण जुन्या फाइली बहुधा सर्व्हरवर तशाच असतात. त्या मुलीचे आधीचे निबंध असेच सापडले; शेवटचा तिला पुन्हा लिहावा लागला.