थ्रॉटल बॉडीची घरगुती सफाई
आटपाडीसारख्या माणदेशी दुष्काळी पट्ट्यात उन्हाळ्याचा फुफाटा एअर फिल्टर लवकर चोंदवतो. इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीतली काजळी मात्र बहुतांशी आतून येते. इंजिनातल्या तेलाची वाफ झडपेच्या कडेला चिकट काळा थर धरते. मग उभ्या गाडीचं इंजिन थरथरतं, कधी बंदच पडतं.

इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, हवेचा पाइप सोडवा. थ्रॉटल बॉडी क्लीनर मऊ फडक्यावर मारून कडा पुसा. फडकं काळंकुट्ट निघेल. पेट्रोल अजिबात नको, भडका उडतो. घासणीने आतलं कोटिंग जातं. इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू नका, आतले गिअर बिघडतात. काही गाड्यांचं आयडलिंग नंतर स्कॅनरने जुळवून घ्यावं लागतं; ते काम मेकॅनिककडेच द्या.