जुलाब लागले? आधी पाणी भरून काढा

बटव्याची पारख : भाग ९

मागच्या भागात आपण आम्लपित्ताचा विचार केला. पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून या आठवड्यात जुलाबांकडे वळू.

पहिल्या जोरदार पावसानंतर नळाला गढूळ पाणी येतं, विहिरीत आजूबाजूची घाण उतरते, माशा वाढतात आणि बघता बघता गावात गॅस्ट्रोची साथ आल्याचं कानावर येतं. घरात एकाला जुलाब लागले की जो तो आपला उपाय सांगू लागतो. कोणी सहाणेवर जायफळ उगाळायला घेतं, कोणी डाळिंबाची वाळवलेली साल शोधतं, कोणी कोऱ्या चहात लिंबू पिळून देतं, कोणी मेडिकलमधून ‘जुलाब बंद व्हायची गोळी’ आणतं. सगळ्यांचा रोख एकच असतो, की जुलाब थांबले पाहिजेत. पण साध्या जुलाबांत माणूस खंगतो, आणि वेळप्रसंगी दगावतो, तो शरीरातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. बहुतेक जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. तोवर शरीर कोरडं पडू न देणं, हेच घरच्या उपचाराचं मुख्य काम. हे एकदा मनात पक्कं झालं की आजीबाईच्या बटव्यातलं काय वापरायचं आणि काय बाजूला ठेवायचं हे ठरवणं सोपं जातं.

आतड्यात काय बिघडतं?

मोठ्या माणसाच्या लहान आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातला जेमतेम दोन लिटर आपल्या खाण्यापिण्यातला असतो. बाकीचा लाळेचा, जठररसाचा, पित्ताचा, स्वादुपिंडाच्या रसाचा आणि आतड्याच्या स्वतःच्या पाझराचा. निरोगी आतडं हा जवळजवळ सगळा द्रव परत शोषून घेतं आणि शौचावाटे दिवसाला शंभर-दोनशे मिलिलिटर पाणीच बाहेर जातं. एवढ्या मोठ्या देवघेवीत थोडा जरी बिघाड झाला तरी पातळ जुलाब सुरू होतात. आणि बाळाच्या शरीरात मुळातच साठा कमी, त्यामुळे मोठ्यांना ज्याचं काहीच वाटत नाही तेवढ्या जुलाबांनी लहान मूल काही तासांत मलूल होतं.

बिघाडाची कारणं अनेक. लहान मुलांत रोटाव्हायरससारखे विषाणू हे मोठं कारण. ते आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी खराब करतात. कॉलऱ्याचे आणि ई. कोलायच्या काही जातींचे जिवाणू विष सोडतात आणि त्या विषामुळे आतडं शोषण्याऐवजी उलट क्षार-पाणी बाहेर टाकू लागतं. शिगेला आणि अमिबा आतड्याला जखमा करतात, तेव्हा शौचात रक्त आणि शेंब दिसते, पोटात कळ येते. यालाच आपण आव म्हणतो. लग्नाच्या जेवणानंतर काही तासांतच पंगतीतल्या अनेकांना उलट्या-जुलाब सुरू झाले, तर बराच वेळ उघड्यावर राहिलेल्या पदार्थात जिवाणूंचं विष आधीच तयार झालेलं असण्याची शक्यता मोठी. ‘दात येताहेत, म्हणून जुलाब लागलेत’ हा समज मात्र सोडून द्यायला हवा. दात येण्याच्या वयात बाळ रांगतं आणि हाताला येईल ते तोंडात घालतं. जुलाबांचं मूळ तिथे असतं.

साखरेचं काम

शरीरात मीठ, म्हणजे त्यातलं सोडियम, जिथे जातं तिथे त्याच्या मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यासारख्या आजारात सोडियम आत घेण्याच्या काही वाटा बंद पडतात. तरीही एक वाट शाबूत राहते. आतड्याच्या पेशीवर जोडीने आलेल्यांनाच आत सोडणारं एक दार असतं आणि ती जोडी म्हणजे ग्लुकोज आणि सोडियम. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली प्राग इथल्या एका परिषदेत मांडली. म्हणून जुलाबांत नुसतं पाणी प्यायलं तर गेलेलं मीठ भरून येत नाही, नुसतं मिठाचं पाणी नीट शोषलं जात नाही आणि साखर जास्त झाली तर ती आतड्यात उलट पाणी ओढून घेते. साखर, मीठ आणि पाणी ठराविक प्रमाणात एकत्र आलं, तरच काम होतं. ते प्रमाण म्हणजे जलसंजीवनी, ओआरएस.

या साध्या मिश्रणाची ताकद जगाला दिसली ती १९७१ साली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या रुग्णालयात जमिनीवर दाटीवाटीने रुग्ण पडलेले, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. कोलकात्याहून गेलेल्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाकिटं तयार करवली, ते मिश्रण पिंपात पाण्यात कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच कपाने पाजायला सांगितलं. जिथे वीस-तीस टक्के रुग्ण दगावत होते, तिथे मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. डॉक्टर नाही, नर्स नाही, पाजणारी आई किंवा भाऊ. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचाराची गणना शतकातल्या सर्वांत मोलाच्या वैद्यकीय शोधांत केली. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आलं.

पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं घरोघरी जाऊन आयांना मूठभर गूळ, तीन बोटांच्या चिमटीतलं मीठ आणि अर्धा शेर पाणी हे मिश्रण करायला शिकवलं. सुमारे १ कोटी २० लाख घरांपर्यंत त्यांच्या कार्यकर्त्या पोहोचल्या. शिकवून गेल्यावर आईच्या किती लक्षात राहिलं हे तपासलं जाई आणि कार्यकर्तीचा मेहनताना त्यावर ठरे. घरगुती उपायात प्रमाणाला किती महत्त्व असतं, हे यावरून कळावं.

आपल्याकडे आजही अशक्तपणा आला की ‘डॉक्टर, एक सलाईन लावा’ हीच मागणी असते. साध्या सलाईनच्या एक लिटर बाटलीत पाणी आणि नऊ ग्रॅम मीठ असतं. जो पिऊ शकतो त्याला ते शिरेतून देण्याची गरज सहसा नसते. शुद्ध हरपत असेल, उलटीने घोटभरही पोटात टिकत नसेल किंवा शरीर फार कोरडं पडलं असेल, तेव्हा मात्र सलाईन जीव वाचवतं आणि तिथे वेळ दवडता कामा नये.

करायचं कसं, पाजायचं कसं

पहिली पसंती जलसंजीवनीच्या पाकिटाला. ते मेडिकलमध्ये मिळतं, आरोग्य उपकेंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलिलिटरसाठी. पाकिटावर ते छापलेलं असतं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मोठ्या पाकिटातली चमचाभर पावडर पेल्यात घालून उरलेलं पाकीट मुडपून ठेवलं जातं आणि प्रमाणाचा सगळा हिशेब बिघडतो. पाकीट फोडलं की पूर्ण वापरायचं, पाणी उकळून गार केलेलं घ्यायचं, आणि चोवीस तासांत न संपलेलं मिश्रण फेकून नवं करायचं.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा ५ मिलिलिटरचा, आणि सपाट म्हणजे वरून सुरीने कापलेला. पोह्याचा मोठा चमचा किंवा शीग भरलेला चमचा घेतला तर मीठ भलतंच वाढतं आणि बाळाला ते धोक्याचं ठरतं. पाजण्याआधी स्वतः चव घ्या. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना पिववेल तेवढं. बाळाला बाटलीने न देता वाटी-चमच्याने द्या, दर मिनिटाला एखादा चमचा. घटाघटा प्यायलं की उलटी होते. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश पुन्हा सुरू करा. जलसंजीवनी दिल्यावर जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून ‘औषध लागू पडत नाही’ असं समजून पाजणं बंद करू नका. मूल तरतरीत दिसू लागलं आणि लघवी होऊ लागली, की काम होतंय असं समजावं.

बटव्यातलं काय ठेवायचं?

तांदळाची पेज मीठ घालून द्यावी, ती उत्तमच. पेजेतला स्टार्च हळूहळू पचून ग्लुकोज होतो, म्हणजे तीच साखर-मिठाची जोडी आतड्यापर्यंत पोहोचते. मुगाच्या डाळीचं पातळ वरण, मीठ घातलेलं ताजं ताक, साबुदाण्याची पेज हेही चालतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं पण सोडियम कमी, म्हणून ते जोडीला द्यावं, जलसंजीवनीच्या जागी नाही. शीतपेयं आणि पाकीटबंद फळांचे रस यांत साखर जास्त असते, त्यांनी जुलाब वाढू शकतात. ‘ओआरएस’ नावाने विकल्या जाणाऱ्या गोड पेयांविरुद्ध हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. मेडिकलमध्ये पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचून घ्या.

डाळिंबाच्या सालीत तुरट टॅनिन असतं, पण त्याने शरीरातून गेलेलं पाणी भरून येत नाही. जायफळाबाबत मी स्पष्ट सांगते: तान्ह्या बाळाला ते देऊ नका. जास्त मात्रेत जायफळाने गुंगी येते. बाळ शांत झोपलं म्हणून घरच्यांना हायसं वाटतं आणि ते पाण्यावाचून मलूल होत असेल तर कळतही नाही. आतड्याची हालचाल मंदावणाऱ्या, जुलाब बंद करणाऱ्या गोळ्याही लहान मुलांना देऊच नयेत. रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही त्या परस्पर घेऊ नयेत. विषाणूंनी झालेल्या जुलाबांवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो.

लंघनाची सवयही मुलांच्या बाबतीत मोडायला हवी. जुलाबांतही आतडं बरंच अन्न पचवतं, आणि उपाशी ठेवलेलं मूल लवकर खंगतं. अंगावरचं दूध अजिबात तोडू नये. मऊ भात, खिचडी, केळं थोडं थोडं आणि अधिक वेळा द्यावं. याच्या जोडीला झिंकची गोळी: सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळांना १०, चौदा दिवस. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी झिंक पूर्ण द्यायचं, कारण त्यामुळे पुढचे काही महिने जुलाब होण्याचा धोका कमी होतो.

घरी थांबायचं कधी नाही?

बाळाच्या पोटाच्या बाजूची कातडी, बेंबी आणि कड यांच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उभी धरा आणि सोडा. ती लगेच सपाट झाली पाहिजे. सावकाश बसत असेल, आणि त्यातही दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ वर राहत असेल, तर बाळ फार कोरडं पडलंय. डोळे खोल गेले, टाळू खाली दबली, रडताना पाणी येत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, मूल पीत नाही किंवा गुंगीत आहे, शौचात रक्त आहे, ताप जोराचा आहे किंवा उलट्या थांबतच नाहीत, यातलं एकही लक्षण दिसलं तर दवाखाना गाठा आणि वाटेतही चमच्याने पाजत राहा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब झाले तर वाट पाहूच नका. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा मधुमेहाचा त्रास असलेले यांनीही लवकर डॉक्टरांना विचारावं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगावं.

साथ येऊ नये म्हणून करायचं तेही अवघड नाही. पाणी खळखळून उकळा. गावात विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर नियमित पडते का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे. शौचानंतर आणि मुलाला भरवण्याआधी साबणाने हात धुवा. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणीसुद्धा देऊ नका. रोटाव्हायरसची लस सरकारी केंद्रात ६, १० आणि १४ आठवड्यांना मोफत मिळते, ती चुकवू नका.

या आठवड्यात एवढं कराच. जलसंजीवनीची दोन-चार पाकिटं घरी आणून ठेवा, लिटरची खूण असलेलं भांडं आणि ५ मिलिलिटरचा चमचा ठरवून टाका, आणि हे प्रमाण शेजारच्या लेकुरवाळ्या घरी करून दाखवा. पुढच्या भागात खोकला आणि मध.