कौलं उतरली, एसी चढले

नवं यंत्र घेण्याआधी सांडोरकरांनी डोक्यावरच्या छपराचा विचार करावा

मे महिन्याचा उकाडा वसईकरांना नवा नाही. नवी आहे ती त्याच्याशी झगडण्याची रीत. सांडोरच्या आळ्यांतून चक्कर मारली तर जुनी कौलारू घरं आता मोजावी लागतात. त्यांच्या जागी स्लॅबची दुमजली घरं उभी राहिली आणि बहुतेक घरांच्या भिंतीला एसीचं पांढरं खोकं लागलं. वाडीतली केळी पाहत गार वाऱ्यावर पडवीत दुपारची झोप काढणारं गाव आता दारं-खिडक्या लावून झोपतं.

पहिल्यांदा घेतलेले एसी आता थकले आहेत. आवाज करतात, पाणी गाळतात, बिल मात्र वाढवून देतात. 'गॅस भरून आणखी एक उन्हाळा काढायचा की नवीनच घ्यायचा?' हा प्रश्न उन्हाळा तोंडावर आला की घरोघरी निघतो. दुकानात गेलं की दीड टन, पाच तारे, इन्व्हर्टर, सोपे हप्ते असा हिशेब मिनिटभरात पुढे येतो. पण त्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नसते. ज्या घरात हे यंत्र बसणार ते घरच मुळात तापतं का, आणि कशामुळे?

जुनी व्यवस्था काय होती?

कौलारू घरात यंत्र नव्हतं, पण गारव्याची व्यवस्था होती. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बेसेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला आणि पुढे ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. त्याआधी नळीची कौलं आणि झावळ्या होत्याच. या छपराचं मर्म त्याच्या फटींत आहे. कौल पातळ, भाजलेल्या मातीचं. दुपारी तापतं आणि ऊन उतरलं की लवकर निवतं. घरातली गरम हवा वर चढते आणि कौलांच्या सांध्यांतून निघून जाते. मधे माळा असला की उन्हाची झळ माळ्यावरच अडते, खालच्या माणसापर्यंत येत नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. समुद्र जवळ असल्याने दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. दारासमोर दार, खिडकीसमोर खिडकी अशी रचना असली की तो वारा घरातून आरपार जाई. किनारपट्टीवर हे फार महत्त्वाचं. नागपूर-अकोल्याकडे हवा कोरडी, तिथे वाळ्याचे पडदे आणि कूलर उत्तम काम करतात. आपल्याकडे हवेत आधीच ओलावा. त्यात कूलरने आणखी पाणी सोडलं तर खोलीचं न्हाणीघर होतं. घाम वाळायला वारा लागतो, म्हणून इथल्या घराला वाराच खरा औषध.

तिसरी गोष्ट घराबाहेरची. वाडी आणि बावखल. नारळाची, आंब्याची सावली भिंतींवर आणि अंगणावर पडे, त्यामुळे घराकडे येणारी हवाच कमी तापलेली असे. झाडाच्या पानातून किंवा पाण्याच्या पृष्ठभागावरून एक लिटर पाणी वाफ होऊन जातं तेव्हा ते जेवढी उष्णता ओढून घेतं, तेवढी काढायला एक टनाच्या एसीला सुमारे बारा मिनिटं चालावं लागतं. वाडीतली झाडं हे काम दिवसभर फुकट करतात. बावखलातलं गोडं पाणी वाडीला जाई, जमिनीत मुरे आणि विहिरीचं पाणी खारं होण्यापासून राखी. म्हणजे छप्पर, वारा आणि वाडी मिळून घर गार राहत होतं.

कौलं का उतरली?

लोकांनी कौलं काढली ती हौसेने नव्हे. दरवर्षी पावसाआधी कौलं चाळावी लागतात, फुटलेली बदलावी लागतात. हे काम जाणणारे हात आता सहज मिळत नाहीत. वासे-रिपा वाळवी खाते आणि सागाची किंमत ऐकून माणूस गप्प होतो. भाऊ-भाऊ वेगळे झाले, मुलांची लग्नं झाली, जागा तेवढीच. मग वर मजला चढवायचा तर स्लॅबच लागणार. पक्कं घर हवंसं वाटण्यात काही गैर नाही.

मात्र स्लॅबचा स्वभाव कौलाच्या उलट आहे. सिमेंट-काँक्रीट ऊन पिऊन घेतं आणि ते सावकाश खाली सोडतं. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही, ती उष्णता संध्याकाळनंतर वरच्या खोलीत उतरते. 'बाहेर गार वाटतं, खोलीत मात्र भट्टी' अशी तक्रार रात्री दहा वाजता ऐकू येते ती यामुळेच. पंखा लावला तर छताजवळची गरम हवाच अंगावर येते. अशा खोलीत लावलेला एसी रात्रीचे पहिले काही तास माणसाला गार करत नसतो, तो स्लॅब गार करत असतो. त्याचे पैसे आपण भरतो.

भरीत भर म्हणजे एसी उष्णता नाहीशी करत नाही, ती बाहेर टाकतो. दीड टनाचं यंत्र पूर्ण जोरात चालतं तेव्हा खोलीतली सुमारे पाच किलोवॅट उष्णता आणि स्वतः खाल्लेली वीज मिळून साडेसहा-सात किलोवॅट उष्णता बाहेरच्या बोळात सोडतं. दोन घरांमधली जागा चार हातांची असेल तर ती शेजाऱ्याच्या खिडकीत जाते. मग शेजारीही एसी घेतो.

बिलाचा हिशेब

महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिट असे टप्पे आहेत. पुढच्या टप्प्यातल्या युनिटचा दर चढा लागतो. समजा एरवी घराला महिन्याला १५० युनिट लागतात. दीड टनाचा जुना एसी तासाला दीड युनिटच्या आसपास खात असेल आणि रात्री आठ तास चालत असेल, तर रोजचे १२ आणि महिन्याचे ३६० युनिट झाले. एकूण ५१०. म्हणजे घर एका यंत्रापायी शेवटच्या टप्प्यात जाऊन पोचलं. चांगला इन्व्हर्टर एसी हाच खर्च निम्म्याच्या जवळ आणू शकतो. पण स्लॅब तापलेलाच राहिला तर तोही पूर्ण जोरात धावत राहतो आणि ताऱ्यांचा फायदा हाती लागत नाही. तारांकनाच्या चिठ्ठीवर छापलेला वर्षाचा युनिटचा आकडा १६०० तासांच्या वापराचा असतो, तो आपल्या तासांशी ताडून पाहावा.

प्रश्न फक्त पैशाचाही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाल्याची नोंद आहे. किनाऱ्यावरचं ऊन विदर्भाइतकं चढत नाही म्हणून ते निरुपद्रवी, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. घरात म्हातारी माणसं असतील तर उकाडा ही चैनीची बाब राहत नाही. आणि वीज काही हमखास नाही. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारने दीर्घकाळ अंधार सोसला. मे महिन्यात भार वाढून फ्यूज उडाला की वाऱ्याला वाट नसलेल्या स्लॅबच्या खोलीत तासभर बसणं कठीण. कौलारू घरात वीज गेली तर पंखा बंद पडे, पण गारवा एकदम जात नसे.

आधी छप्पर, मग यंत्र

यंत्र बदलायचं असेल तर काम वरून सुरू करावं. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आणि त्यावर पांढऱ्या चिनी लाद्यांचे तुकडे बसवले तर गळतीही थांबते आणि ऊन परतही जातं. तेवढा खर्च झेपत नसेल तर चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात द्यावा. पावसात तो उतरतो, पुन्हा द्यावा लागतो. पावसासाठी गच्चीवर पत्र्याची शेड घालणारे पुष्कळ आहेत. ती स्लॅबला सावली देते, पण चारही बाजू मोकळ्या ठेवल्या तरच. बंद केली की पत्र्याखाली तापलेली हवा कोंडते. नवं घर बांधणाऱ्यांनी स्लॅबच्या वर उतरतं कौलारू छप्पर घेऊन मधे हवेला वाट ठेवली तर जुन्या माळ्याचाच फायदा मिळतो. पश्चिमेच्या भिंतीला सावली आणि खोलीत वरच्या अंगाला झरोका, एवढ्यानेही फरक पडतो.

यानंतर पंखे. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० ते ३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. एसी २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावला तर पुरेसं होतं. २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, ते काही उगाच नाही.

मग यंत्राची पाळी. चार गोष्टी लक्षात ठेवाव्या. एक, एसीतला गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, ती आधी शोधायला लावा. दोन, जुन्या यंत्रात आर-२२ गॅस असेल तर ओझोनच्या थराला इजा करणारा म्हणून तो आंतरराष्ट्रीय करारानुसार बंद होत चालला आहे; अशा यंत्रावर मोठा खर्च करू नये. ते काढताना गॅस हवेत सोडू न देता काढून घ्यायला सांगावं. तीन, समुद्राच्या खाऱ्या हवेने आउटडोअर युनिटच्या पातळ ॲल्युमिनियम पट्ट्या झिजतात. तांब्याची कॉइल आणि गंजरोधक लेप असलेलं युनिट घ्यावं, ते सावलीत पण मोकळ्या हवेत बसवावं आणि अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावं. चार, बसवताना मेकॅनिकने व्हॅक्युम पंप लावलाच पाहिजे आणि घराची अर्थिंग तपासलीच पाहिजे. नव्या यंत्रांतला आर-३२ गॅस थोडा ज्वलनशील असतो, त्यामुळे हे काम शिकाऊ हाताकडे देऊ नये.

बंबाची जागा

आपल्याकडे घर तापवावं लागत नाही. तापवावं लागतं ते आंघोळीचं पाणी. पूर्वी बंबात वाडीतल्या झावळ्या, करवंट्या जळत. वाडी गेली तसं जळणही गेलं आणि न्हाणीघरात गिझर आला. १५ लिटर पाणी आंघोळीपुरतं तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. सहा माणसांच्या घरात महिन्याला ते ९० युनिटच्या घरात जातं. गच्ची आहेच, तर सौर बंब हा त्याला चांगला पर्याय आहे. पावसाळ्यात त्याला विजेची जोड लागते, तेवढं धरून चालावं. गॅस गिझर मात्र बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि त्याने माणसं दगावतात.

गच्चीला आणखी एक उपयोग आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये आणि तीन किलोवॅट वा अधिकसाठी जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान ठरवलं गेलं. सौर पट्ट्यांची सावली स्लॅबवर पडते हा वरचा फायदा. मात्र बॅटरी नसलेली यंत्रणा लाईट गेली की तीही बंद पडते, हे विक्रेता सांगेलच असं नाही.

एकट्याने न होणारी गोष्ट

छप्पर घरमालकाच्या हातात आहे, वारा आणि वाडी मात्र गावाच्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने जी लढाई सुरू केली, ती झाडांसाठी आणि पाण्यासाठी होती. तेव्हा कुणी तिला घराच्या गारव्याचा लढा म्हटलं नाही. आज बावखल बुजलं की शेजारच्या दहा घरांची हवा तापते, विहीर खारट होऊ लागते आणि वीजबिल वाढतं. फादर २५ जुलै २०२४ रोजी गेले. राहिलेली बावखलं गाळ काढून जिवंत ठेवणं, ती बुजवायला निघालेल्याला ग्रामस्थांनी वेळेवर हटकणं आणि महापालिकेकडे त्यांची नोंद आहे का ते पाहणं, हे काम आपलं आहे.

गच्चीचं काम दिवाळी ते होळी या कोरड्या दिवसांत उरकून घ्यावं. त्यानंतर एक उन्हाळ्याची रात्र जुन्याच यंत्रावर काढून पाहावी. कदाचित दीड टनाच्या जागी एक टन पुरेल, कदाचित नवा एसी दोन वर्षं पुढे ढकलता येईल. वाचलेल्या पैशात पश्चिमेच्या कुंपणाला चार नारळ लावावेत.