उंची कमी, साइज प्लस : ऑनलाइन कपडे घेण्याआधी टेप हातात घ्या

तुमची उंची पाच फुटांच्या आसपास आहे आणि छातीचं माप ४२. अॅपवर एक सुंदर कुर्ता दिसतो, चार्ट पाहून तुम्ही डबलएक्सएल मागवता. पार्सल येतं. छातीत कुर्ता नीट बसतो, पण खांदे दंडावर उतरलेले, बाही बोटांपर्यंत आलेली आणि घेर घोट्याजवळ. तो परत करून एक साइज लहान मागवता, तर खांदे जागेवर येतात, पण छातीवरची बटणं ताणली जातात. मग आरशासमोर उभं राहून मनात येतं, ‘माझंच शरीर बेढब आहे, मला काही शोभत नाही.’

हा निष्कर्ष चुकीचा आहे. दोष आहे कपड्याच्या साइजचं गणित मांडण्याच्या पद्धतीत. ते गणित एकदा समजलं की पैसेही वाचतात आणि मनस्तापही.

साइज वाढली की उंचीही का वाढते?

कारखान्यात प्रत्येक साइजचा नमुना वेगळा आखत नाहीत. आधी एका मधल्या साइजचा नमुना तयार होतो. मग ठरावीक अंतराने तो वाढवत नेतात. याला ग्रेडिंग म्हणतात. छातीबरोबर खांदा रुंद होतो, मुंढा खोल होतो, बाही सैल होते आणि बऱ्याचदा कपड्याची उंचीही वाढते. म्हणजे ज्या बाईची छाती भरलेली, तिचे खांदेही रुंद आणि उंचीही जास्त, असं हे गणित गृहीत धरतं. प्रत्यक्षात वजन वाढलं म्हणून कुणाचं खांद्याचं हाड रुंद होत नाही आणि पायही लांब होत नाहीत.

परदेशी बाजारात यासाठी ‘पेटाइट’ असा वेगळा विभाग असतो. पेटाइट म्हणजे बारीक नव्हे. पाच फूट चार इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १६३ सेंटिमीटरपेक्षा, कमी उंचीच्या स्त्रियांसाठी मापलेले कपडे. आता आपल्याकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत १५ ते ४९ वयोगटातल्या भारतीय स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम पाच फूट भरते. या हिशेबाने आपल्यातल्या बहुतेक जणी पेटाइटच ठरतात. तरीही आपल्या बहुतेक अॅप्सवर ‘प्लस साइज’ची खूण सापडते, पण ‘प्लस आणि कमी उंची’ अशी एकत्र खूण क्वचितच दिसते.

बेंगळुरूत शिवलेले, बेंगळुरूतून विकलेले

तुम्ही बेंगळुरूत राहत असाल तर ही विसंगती जास्तच जाणवेल. भारतातल्या ऑनलाइन कपडेविक्रीची बरीचशी सूत्रं याच शहरातून हलतात. फ्लिपकार्ट आणि मिंत्रा या दोन्ही कंपन्या इथे २००७ साली सुरू झाल्या आणि २०१४ मध्ये फ्लिपकार्टने मिंत्रा विकत घेतली. मीशोचं मुख्यालयही इथलंच. दुसरीकडे पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रोड या भागांतल्या गारमेंट फॅक्टऱ्यांत हजारो बायका अमेरिका-युरोपच्या ब्रँडसाठी तिकडच्या मापांचे कपडे शिवतात. ते शिवणाऱ्या कितीतरी जणींना तो कपडा उंचीला मोठाच होईल!

अमेरिकेत १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्याने जवळपास १५ हजार स्त्रियांची मापं घेतली. त्यांचा अहवाल १९४१ साली आला आणि पुढे तिथल्या प्रमाण साइजना त्याचा आधार मिळाला. भारतात मात्र राष्ट्रीय पातळीवर अशी मोजणी झालेली नव्हती. ब्रँड परदेशी तक्ते आपापल्या अंदाजाने बदलून वापरत आले. म्हणूनच एका ब्रँडची एक्सएल दुसऱ्याच्या एलएवढी निघते. ही उणीव भरून काढण्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी ‘इंडियासाइझ’ प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी बॉडी स्कॅनरने घेण्याचं त्याचं उद्दिष्ट होतं. असा तक्ता प्रत्येक ब्रँडच्या कपड्यात उतरेपर्यंत आपला तक्ता आपणच तयार ठेवलेला बरा.

आधी आपली आठ मापं लिहा

छाती, कंबर आणि सीट ही तीन मापं सगळ्याच जणी घेतात. कमी उंचीच्या, भरलेल्या बांध्यासाठी आणखी पाच लागतात. रोज वापरता तीच ब्रा घालून, टेप न आवळता, दुसऱ्या कुणाकडून तरी मापं घ्या.

- खांदा : पाठीमागून, एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत.
- दंडघेर : दंडाच्या सर्वात जाड भागाभोवती. बाही इथेच अडते.
- वरची उंची : मानेलगतच्या खांद्यापासून छातीवरून कंबरेपर्यंत. कंबरेला शिवण असलेल्या ड्रेससाठी हे फार महत्त्वाचं.
- कुर्त्याची उंची : त्याच बिंदूपासून छाती-पोटावरून गुडघ्यापर्यंत आणि पोटरीच्या मध्यापर्यंत. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा.
- पायाची आतली लांबी : जांघेपासून घोट्यापर्यंत.

ही मापं इंच आणि सेंटिमीटर दोन्हींत मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. वजन कमी-जास्त झालं की घेराची मापं पुन्हा घ्या. खांदा आणि पायाची लांबी सहसा बदलत नाही.

चार्ट वाचताना तीन प्रश्न

पहिला प्रश्न, हे माप शरीराचं की कपड्याचं? एकाच पानावर दोन्ही तक्ते असू शकतात. कपड्याचं माप असेल आणि कापड न ताणणारं असेल, तर छातीला तुमच्या मापापेक्षा दोन ते चार इंच जास्त हवेत. छाती ४२ असेल तर कपडा ४४ ते ४६. होजिअरीसारख्या ताणणाऱ्या कापडाला एवढी सैल जागा लागत नाही.

दुसरा प्रश्न, उंची किती आणि मॉडेलची उंची किती? ४६ इंची कुर्ता पाच फूट आठ इंचांच्या मॉडेलच्या पोटरीवर येतो. तोच पाच फुटांच्या बाईला घोट्याच्या थोडा वर पोहोचतो. पाच फूट उंचीला ३६ ते ३८ इंच म्हणजे साधारण गुडघा आणि ४० ते ४२ इंच म्हणजे पोटरी. त्यामुळे फिल्टरमध्ये ‘काफ लेंग्थ’ हवी असेल तर ‘नी लेंग्थ’ही उघडून पाहा. पँटचंही तसंच. ‘अँकल लेंग्थ’ लिहिलेली पँट तुम्हाला बहुधा पूर्ण लांबीची होईल.

तिसरा प्रश्न, खांद्याचं माप दिलंय का? दिलं असेल तर ते छातीइतक्याच बारकाईने पाहा. नसेल तर खांद्यावर शिवण नसलेला रॅगलन बाहीचा प्रकार निवडा किंवा विक्रेत्याला विचारा.

ग्राहकांचे अभिप्राय वाचताना तारे मोजू नका. ज्यात कुणी स्वतःची उंची आणि साइज लिहून फोटो टाकलाय, तो एक अभिप्राय मॉडेलच्या दहा फोटोंपेक्षा उपयोगी.

शोभण्याचे जुने नियम किती खरे?

‘जाड बाईने आडव्या रेषा घालू नयेत’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६० च्या दशकातच दाखवलं होतं की आडव्या रेषांनी भरलेला चौकोन डोळ्यांना उभट आणि अरुंद भासतो. २०११ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी स्त्रियांच्या आकृत्या वापरून हे तपासलं, तेव्हाही आडव्या रेषांनी बाई जाड दिसते असं आढळलं नाही. म्हणजे केवळ या भीतीपोटी आपण अर्धं दुकान स्वतःसाठी बंद करून बसतो. ‘काळाच रंग घाल’ हा सल्लाही असाच. आवडत असेल तर काळा जरूर घाला, पण तो सक्तीचा नाही.

खरा फरक पडतो तो कपड्याच्या रेषा शरीरावर कुठे येतात यामुळे.

- खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यावी. एवढं जमलं तरी कपडा मापून शिवल्यासारखा दिसतो.
- बाही छातीच्या सर्वात भरलेल्या रेषेवर संपू नये. कोपराच्या थोडं वर किंवा थ्री-फोर्थ बाही चांगली.
- प्रिन्सेस कट किंवा टक्स असलेला कुर्ता छातीला जागा देतो आणि खाली मोकळा पडतो. सरळ पोत्यासारखा कुर्ता शरीर झाकतो, पण उंची आणखी कमी दाखवतो.
- कुर्ता आणि पँट एकाच किंवा जवळच्या रंगाचे असले तर नजर वरून खाली सलग जाते. ठळक काठाने मध्येच दोन भाग पडतात.
- कुर्त्याचा कट कुठून सुरू होतो ते पाहा. उंच बाईसाठी काढलेला कट तुम्हाला फार खाली येतो. मग सीटवर कापड ओढलं जातं, बसता-उठता अडतं.
- मोठ्या बांध्यावर छाती-पोट कापड वर उचलतात आणि कुर्ता पुढून आखूड दिसतो. म्हणून पाठीची लांबीही तपासा.

स्कूटर चालवत असाल तर लांब घेराचा, उडत्या काठाचा कपडा रोजच्या वापराला नको. चाकात अडकणारी ओढणी किंवा घेर हा जिवावरचा धोका असतो.

आणि साडी? ते तर साइज नसलेलं वस्त्र! तिथे प्रश्न फक्त ब्लाउजचा. रेडिमेड ब्लाउज घेताना छातीइतकंच दंडघेर आणि मुंढ्याचं माप पाहा.

ऑल्टरेशनचा खर्च किमतीतच धरा

प्लस साइज आणि कमी उंची या दोन्हींना जसाच्या तसा बसणारा तयार कपडा दुर्मीळ. म्हणून कुर्ता ८०० रुपयांचा दिसला तर त्यात टेलरचे पैसे मिळवून मगच तो स्वस्त की महाग ते ठरवा. कर्नाटकात मराठी बोलणाऱ्या नामदेव शिंपी समाजाची शिवणकामाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. बेंगळुरूत मल्लेश्वरम असो की जयनगर, ऑल्टरेशन करणारा टेलर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

फक्त काय बदलता येतं हे आधी माहीत हवं. उंची कमी करणं, बाही आखूड करणं, कुशीतून आत घेणं सोपं. खांदा आणि मुंढा बदलायचा तर बाही उसवून पुन्हा लावावी लागते. पँटची बैठक बदलणं त्याहून किचकट. सैल करायचं असेल तर शिवणीत माया हवी, आणि तयार कपड्यांत ती कमीच असते. खालच्या काठावर छपाई किंवा भरतकाम असेल तर उंची कमी करताना तेच कापलं जाईल. म्हणून निवड अशी करा : खांदा आणि छाती बरोबर, उंची जास्त असली तरी चालेल, काठ साधा.

क्रमही सांभाळा. आधी टॅग न काढता घालून पाहा. बसून, हात वर करून, वाकून पाहा. ठेवायचा ठरला की एकदा धुवा, कारण कॉटन आणि रेयॉन आटतात. त्यानंतरच टेलरकडे द्या.

परत करताना संकोच नको

‘साइज बसली नाही’ म्हणून कपडा परत घेतलाच पाहिजे, असा सरसकट कायदा नाही. ते विक्रेत्याच्या धोरणावर ठरतं. पण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार परतावा आणि बदलून देण्याच्या अटी आधीच स्पष्ट दाखवणं बंधनकारक आहे. मागवण्यापूर्वी त्या वाचा, विशेषतः सेलमध्ये. आणि वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही.

इथे टेप पुन्हा कामी येतो. पानावर उंची ४२ इंच लिहिली असेल आणि हातात ४६ इंचांचा कुर्ता आला, तर तो प्रश्न तुमच्या शरीराचा उरत नाही. कपडा सपाट पसरून टेपसह फोटो काढा आणि चार्टचा स्क्रीनशॉट जोडून तक्रार करा. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात निवारण करणं अपेक्षित आहे. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

बेंगळुरूच्या बसमध्ये, रांगेत, दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि’, म्हणजे जरा सांभाळून घ्या. गर्दीत जरूर सांभाळून घ्या. कपड्याच्या बाबतीत मात्र सांभाळून घेण्याची जबाबदारी कपड्यावर टाका. लग्नाला पंधरा दिवस उरलेत म्हणून उपाशी राहून लहान साइजमध्ये बसण्याचा प्रयत्न करू नका. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून कपाटात कपडे साठवूही नका. आज आहात त्या मापाचा, खांद्यावर नीट बसणारा एक कुर्ता घ्या, खालून चार इंच कापून घ्या आणि मिरवा.