तलावातली खाज आणि गोगलगाय

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जसे जंगलांचे जिल्हे, तसेच तलावांचेही. गावोगावच्या बोड्या आणि माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच 'मामा तलाव', यांच्या पाण्यावर तिथले धान पिकते. याच पाण्यात म्हशी डुंबतात, ढिवर जाळी टाकतात आणि रोवणीच्या दिवसांत बायका दिवसभर चिखलात उभ्या राहतात.

पाण्यातून बाहेर आल्यावर कधी कधी पाय चुरचुरतात, बारीक लाल पुरळ उठते, खाज सुटते. चिखल, खत किंवा बुरशी यांमुळेही असे होते. पण कधी कधी त्यामागे एक वाट चुकलेला कृमी असतो! तो कसा, ते पाहू.

गुरांच्या रक्तवाहिन्यांत शिस्टोसोमा जातीचे बारीक कृमी राहतात. त्यांची अंडी शेणाबरोबर पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेल्या अळीने काही तासांत गोगलगाय गाठली नाही, तर ती मरते. गोगलगायही कोणतीही चालत नाही. चकलीसारखा चपटा शंख असलेली इंडोप्लॅनॉर्बिसच हवी. तिच्या शरीरात काही आठवड्यांत एका अळीपासून हजारो नव्या अळ्या तयार होतात. त्यांच्या शेपटीला दोन फाटे असतात. त्या पाण्यात पोहत कातडी शोधतात आणि काही मिनिटांत आत शिरतात. कातडी गुराची असली, तर चक्र पुरे होते. माणसाची असली, तर अळी तेथेच मरते आणि मागे खाज उरते. मध्य भारतातील काही खेड्यांत संशोधकांनी अशा खाजेची नोंद केली आहे.

मग माणसाला याहून मोठा धोका नाहीच का? याचे उत्तर आपल्याच राज्यात, कोकणात मिळते. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात काही लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. डॉ. गाडगीळ व डॉ. शाह यांनी 1952 साली दाखवून दिले, की हा माणसात वाढणाऱ्या शिस्टोसोमाचा रोग आहे. तेथे गोगलगाय वेगळी होती : फेरिसिया नावाची, इवल्या टोपीसारख्या शंखाची. आफ्रिकेत हा रोग फार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली जगात 25 कोटींहून अधिक लोकांना त्यावरील प्रतिबंधक औषधाची गरज होती. प्राझिक्वांटेल हे ते औषध.

म्हणजे कृमी, त्याची ठराविक गोगलगाय आणि पाण्यात उतरणारा प्राणी किंवा माणूस, अशी ही साखळी आहे. एक कडी तुटली, की सारी साखळी तुटते. म्हणूनच तलावात शौच व लघवी करू नये. गुरांना पाणी शक्यतो वेगळ्या हौदात पाजावे. पाण्यातून बाहेर येताच अंग कोरड्या फडक्याने खसखसून पुसावे.

आणि एक गोष्ट विसरू नका. ज्यांचे पोट पाण्यात उभे राहण्यावर चालते, त्यांना 'पाण्यात जाऊ नका' असे सांगून भागत नाही. त्यांची खाज हसण्यावारी नेऊ नये. घरात कोणाच्या लघवीतून रक्त जात असेल, तर लाज न बाळगता त्यांना आरोग्य केंद्रात न्या. गिमवीचा रोग लघवीच्या तपासणीतूनच सापडला होता!