खारा बांध आणि गोडें पाणी

संस्कृतांत बांधाला ‘सेतु’ म्हणतात. ‘बांधणें’ या अर्थाच्या ‘सि’ धातूपासून हा शब्द झाला आहे. मातीचे कण एकमेकांस बांधून ठेवतो तो सेतु. ही बांधणी कशानें सुटते, याचा विचार खाडीकांठच्या प्रत्येक घरानें मृग लागण्यापूर्वीं करावयास हवा.

पेण-अलिबागच्या खारेपाटांत माझें बालपण गेलें. आमचें शेत भरतीच्या पातळीहून खालीं होतें. मध्यें मातीचा बांध, आणि ओहोटीच्या वेळीं शेतांतील पाणी खाडींत सोडणारी उघाडी. मी नऊ-दहा वर्षांचा असतां एका पावसाळ्यांत त्या बांधाला खांड पडली. खारें पाणी लावणींत शिरलें. त्या सालचें भात गेलेंच, पण पुढेंही कांहीं वर्षें त्या शेतानें घरास दाणा दिला नाहीं. वीस पानांचें आमचें एकत्र कुटुंब विकतच्या तांदळावर आलें. थोरले काका म्हणत, “समुद्रानें घात केला.” परंतु त्या रात्रीं उधाण नव्हतें, तीन दिवस पावसाची झड मात्र लागली होती.

बांध फोडला तो पावसाच्या गोड्या पाण्यानें, हें मला पुष्कळ वर्षांनीं वाचनांतून उमगलें. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली कीं मातीचे कण गोळा होऊन तळीं बसतात, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तेही असेंच कार्य करतात. खारें पाणी भोवतीं आहे तोंवर चिकणमातीचे कण जुळून बसतात. परंतु त्याच मिठांतील सोडियम कणांच्या अंगास चिकटतो. पाऊस मोकळें मीठ धुऊन नेतो, चिकटलेला सोडियम मात्र तितक्या लवकर सुटत नाहीं. मग कण एकमेकांस दूर लोटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात.

उन्हाळ्यांत बांधाला भेगा पडतात. खेंकड्यांचीं बिळें असतातच. त्यांतून पाणी आंत शिरलें कीं बांधाच्या पोटांत बोगदा तयार होतो. वरून गवत हिरवेंगार दिसतें. पायथ्याशीं झिरपणारें पाणी गढूळ येऊं लागलें, तर तो धोक्याचा इशारा समजावा. त्यांतच भिजून जड झालेल्या मातीचा आधार सुटतो आणि बांध खचतो.

परीक्षा घरींही करतां येते. मागील पावसांत धुऊन निघालेल्या भागांतून नखाएवढें ढेकूळ घ्यावें आणि कांचेच्या पेल्यांत पावसाच्या किंवा औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या ऊर्ध्वपातित पाण्यांत अलगद सोडावें. विहिरीचें पाणी नको. त्यांत चुन्याचा अंश असतो. ढेकूळ ढासळून नुसता ढीग झाला व पाणी निवळ राहिलें, तर भय थोडें. पण दहा मिनिटांत त्याभोवतीं दुधासारखा ढग पसरला, तर ती माती विश्वासाची नव्हे. तसेंच ढेकूळ खाडीच्या पाण्यांत टाकून पाहावें. तेथें असा ढग उठणार नाहीं.

उपायही आहेत. चुना किंवा चिरोडी, जिला बाजारांत जिप्सम म्हणतात, मातींत मिसळली असतां त्यांतील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. भेगा खणून, नवी माती थराथरानें घालून, पाणी शिंपून धुम्मस करावी. वर गवत राखावें. खाडींतला ओला चिखल नुसता थापणें ही डागडुजी नव्हे.

खार जमिनींसाठीं १९४८ सालीं मुंबई प्रांतांत व १९७९ सालीं महाराष्ट्रांत स्वतंत्र कायदे झाले. तथापि बांधावरील ढेकूळ उचलून पाहण्याचें काम शेताच्या धन्याचेंच आहे. यंदा वैशाखांत मी पुतण्याला घेऊन आमच्या बांधावर गेलों. पेल्यांत ढग उठला. आठ दिवसांत चुन्याच्या गोण्या आल्या आणि काम सुरू झालें. थोरले काका आज असते तर समुद्राला दिलेला दोष त्यांनीं परत घेतला असता.